22 मतांचं सरकार आणि 'पंजाबी मतं'

कॅनडातल्या निवडणुकीचा विषय निघाला की आपल्या ग्रुपात कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकतंच. "सरे ना? तिथे काय, पंजाबी मतं. ते म्हणतील तो आमदार." (सरे म्हणजे व्हँकुव्हरचं मोठं उपनगर.) पुण्याहून फोन करणारे मामा हेच म्हणतात, आणि व्हँकुव्हरमध्ये हयात काढलेले आपले लोकही हेच म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आणि ते का पटत नाही हे सांगायला एकच मतदारसंघ पुरे आहे: सरे-गिल्डफर्ड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या विधानसभेचा हा उपनगरी मतदारसंघ. व्हँकुव्हरकडून हायवे 1 ने पूर्वेला निघालात की फ्रेझर नदीवरचा पोर्ट मॅन पूल लागतो. तो ओलांडला की आलंच गिल्डफर्ड. मोठा मॉल, 104 ॲव्हेन्यू, 152 स्ट्रीट, जुनी घरं, त्यांच्या भाड्याने दिलेल्या बेसमेंट. पंजाबी आहेतच, पण फिलिपिनो, चिनी आणि जुने गोरे रहिवासीही भरपूर.

सध्याच्या नावाने हा मतदारसंघ 2017 ला पहिल्यांदा मतदानाला गेला. त्याआधी या भागात सरे-टाइनहेड नावाचा मतदारसंघ होता. तिथून 2001 ते 2013 डेव्ह हेअर आमदार होते, बीसी लिबरल पक्षाचे. (नावावर जाऊ नका, हा पक्ष उजवीकडे झुकलेला होता. ओटावातल्या, म्हणजे केंद्रातल्या, लिबरलांशी त्याची गल्लत आपल्याकडे हमखास होते.) हेअर यांचे वडील तारा सिंग हेअर म्हणजे 'इंडो-कॅनेडियन टाइम्स'चे संपादक. 1998 मध्ये सरेतल्या राहत्या घरी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. 2001 ला लिबरलांनी 79 पैकी 77 जागा जिंकल्या, त्या लाटेत कुणीही तरून गेला असता. पण 2005 आणि 2009 ला तशी लाट नव्हती, तरी हेअर निवडून आले. 2013 ला त्यांच्या जागी अमरीक विर्क आले, पोलिसातले अधिकारी, आणि लगेच मंत्रीही झाले.

आता 2017 बघा. टाइनहेड मतदारसंघ राहिला नव्हता, विर्क गिल्डफर्डमधून उभे राहिले. समोर एनडीपीचे, म्हणजे डावीकडे झुकलेल्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे, गॅरी बेग. गोरे, आणि तेही माजी पोलीसच! दोघेही आरसीएमपीतले, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलीस दलातले. एकीकडे पंजाबी, विद्यमान मंत्री, सत्ताधारी पक्ष. ग्रुपातल्या गणिताने विर्क यांना हरवायची कुणाची टाप नव्हती. ते हरले.

कशामुळे? माझ्या मते पुलामुळे. नवा पोर्ट मॅन पूल 2012 ला उघडला आणि त्याच डिसेंबरात टोल सुरू झाला. नाका नाही, थांबणं नाही. वर कॅमेरे, खाली तुमची नंबर प्लेट, आणि नंतर घरी बिल. 2017 ला गाडीला एका फेरीचे 3.15 डॉलर. म्हणजे कामावर जाऊन घरी यायचे रोजचे 6.30, तेही पेट्रोल आणि पार्किंग सोडून. नदीपलीकडे नोकरी असणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ होता. व्हँकुव्हर शहरात राहणाऱ्याला स्वतःच्या पुलांवर एक पैसा पडत नव्हता, हे तर आणखीच झोंबायचं. लिबरल म्हणाले, वर्षाला 500 डॉलरच्या वर घेणार नाही. एनडीपी म्हणाली, टोलच काढून टाकू. लिबरलांच्या 43 जागा आल्या, एनडीपीच्या 41 आणि ग्रीन पक्षाच्या 3. ग्रीनच्या पाठिंब्यावर जॉन होर्गन मुख्यमंत्री झाले आणि 1 सप्टेंबर 2017 ला टोल बंद. बिल पंजाबी घरात येत होतं तसंच फिलिपिनो घरातही येत होतं, हे आपले विश्लेषक सोयीस्कर विसरतात.

2020 ची निवडणूक कोविडमध्ये झाली, एनडीपीला 57 जागा, बेग सहज परत. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

खरी मजा 2024 ची. लिबरलांनी नाव बदलून 'बीसी युनायटेड' केलं आणि ऑगस्टमध्ये, मतदान दोन महिन्यांवर असताना, त्यांचे नेते केव्हिन फाल्कन यांनी मैदानच सोडलं. हेच फाल्कन परिवहनमंत्री असताना नव्या पोर्ट मॅन पुलाचा घाट घालणारे. 2020 ला जेमतेम 2 टक्के मतं मिळवणारा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष एकदम सत्तेच्या दारात आला. गिल्डफर्डमध्ये त्यांचे उमेदवार होनवीर सिंग रंधावा.

19 ऑक्टोबरला धो धो पावसात मतदान झालं. रात्री रंधावा 103 मतांनी पुढे. मग टपालाची मतं मोजली आणि आघाडी 12 वर आली. 28 तारखेला उरलेली मतं मोजून झाली तर बेग 27 ने पुढे! फरक एकूण मतांच्या पाचशेव्या भागाहून कमी असेल तर तिथे न्यायालयीन फेरमोजणी होतेच. ती झाली आणि आकडा ठरला 22. एनडीपीला 93 पैकी 47 जागा, म्हणजे काठावरचं बहुमत, आणि ते या एका जागेवर उभं. त्याच वर्षी आपल्याकडे मुंबई उत्तर-पश्चिममध्ये वायकर 48 मतांनी आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? इथे तर सरकारच पणाला लागलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं, निकाल बदलला नाही. पण प्रिन्स जॉर्ज-मॅकेन्झी मतदारसंघात 861 मतांची पेटी मोजायचीच राहिल्याचं नंतर उघड झालं. तिथल्या निकालाला धक्का लागला नाही हे मान्य, पण 22 मतांवर सरकार टेकलेलं असताना असला गलथानपणा मी तरी हसण्यावारी नेणार नाही.

तर सलग तीन निवडणुका गिल्डफर्डमध्ये प्रमुख विरोधक पंजाबी होता आणि तीनही वेळा बेग जिंकले. शेजारच्या सरे नॉर्थमध्ये 2024 लाच शिक्षणमंत्री रचना सिंग मनदीप धालीवाल यांच्याकडून हरल्या. दोघेही पंजाबी. मग सांगा, तिथलं 'पंजाबी मत' नेमकं कुणाचं?

गुरुद्वारात दोन्ही पक्ष जातात, जाणारच. पण टोल काढणारा पक्ष सात वर्षांत काठावर आला तो वेगळ्या कारणांनी. सरेतल्या शाळांच्या आवारातले पोर्टेबल वर्ग हटवू असं वचन होतं, ते वर्ग अजून आहेत. 104 ॲव्हेन्यूवरून गिल्डफर्डपर्यंत यायची ट्राम 2018 ला नव्या महापौरांनी रद्द करवली आणि पैसा लँगलीच्या स्कायट्रेनकडे वळला. दोष प्रांताचा नव्हे, पण बसची वाट बघत उभा असलेला माणूस कुठल्या सरकारचा दोष कुठला हे निवडत बसत नाही.

निवडून आल्यावर बेगना पोलीस खातंच मिळालं, आणि 2025 च्या जुलैत ते गेलंही. अध्यक्ष राज चौहान खुर्चीत बसले की सभागृहात 46 विरुद्ध 46. त्यामुळे बिल 15, म्हणजे पायाभूत प्रकल्पांचं विधेयक, त्यांच्या निर्णायक मताने मंजूर करून घ्यावं लागलं. पुढची निवडणूक 2028 च्या ऑक्टोबरात. तेव्हा ग्रुपात पुन्हा कुणी "पंजाबी मतं" म्हणालं, तर मी एवढंच विचारणार आहे की 104 वर ट्राम आली का.