एका दुपारचे काम

बर्ड फीडर, म्हणजे पक्ष्यांना दाणे ठेवायचे छपराचे तबक, घरी बनवण्याच्या सूचना लिहिणाऱ्या मंडळींना पक्ष्यांविषयी पुष्कळ माहिती असते, लाकडाविषयी बरीच असते, आणि सुटीच्या दिवशी करवत हातात घेऊन उभ्या राहिलेल्या गृहस्थाविषयी मात्र मुळीच नसते. त्यांच्या मते एक तळ, चार काठपट्ट्या, दोन खांब आणि वर उतरते छप्पर, एवढेच हे काम असून ते एका दुपारचे आहे. ती दुपार कोणत्या महिन्यात संपते, हे कोणीही लिहीत नाही.

पहिला डाव करवत टाकते. तिचे दाते एकाआड एक डावीकडे-उजवीकडे वळवलेले असल्यामुळे काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि दर कापामागे दीड-दोन मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. एकाच फळीवर सलग खुणा करून पाच तुकडे पाडले, तर शेवटचा तुकडा हाती येईपर्यंत सात-आठ मिलिमीटर फळी नाहीशी झालेली असते. अशा वेळी घरातली माणसे आधी टेपवर आणि मग टेप धरणाऱ्यावर संशय घेतात. हरवलेली फळी पायाखाली पसरलेली असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही.

त्यानंतर स्क्रू. फळीच्या टोकाजवळ तो थेट पिळला की लाकूड धाग्याच्या रेषेत चिरते, म्हणून 4 मिलिमीटरच्या स्क्रूसाठी आधी अडीच-तीन मिलिमीटरचे भोक पाडून घ्यावे लागते. चिरताना लाकूड जो आवाज करते तो फार दूर जात असावा, कारण तो होताच शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले.

"आधी भोक पाडलंत ना?"

"हो आजोबा, पाडलं होतं."

"मग बारीक पडलं," असे म्हणून ते तिथेच खुर्ची टाकून बसले. त्यापुढचे सारे काम प्रेक्षकांसमोर झाले.

तळाचा प्रश्न त्याहून बिकट आहे. दाणे भिजून राहिले की त्यांना बुरशी येते आणि ती पक्ष्यांना घातक ठरते, म्हणून पाणी वाहून जाण्यासाठी तळाला 6 मिलिमीटरची भोके पाडावीत, असे शास्त्र सांगते. बाजरीसारखा बारीक दाणा या भोकांतून पाण्याच्याही आधी वाहून जातो. भोके लहान केली तर ती टरफलांनी बुजतात. तेव्हा फळीचा तळ काढून टाकून तिथे बारीक जाळी ठोकणे हाच खरा उपाय आहे, आणि तो मोठ्या कष्टाने भोके पाडून झाल्यावरच सुचतो.

पण सुतारकामाने माणूस जितका दमत नाही, तितका जागा ठरवताना दमतो. खिडकीच्या काचेत आकाशाचे प्रतिबिंब पाहून पक्षी तिच्यावर आदळतात, म्हणून फीडर काचेपासून एक तर मीटरभराच्या आत हवा, कारण तिथून उडालेल्या पक्ष्याला वेग येत नाही. नाही तर 10 मीटरच्या पलीकडे हवा. दबा धरणाऱ्या मांजरासाठी तो झुडपापासून लांब हवा, पण ससाणा आलाच तर पक्ष्यांना लपता यावे म्हणून फार लांबही नको. खार लांब उडी मारते, म्हणून फांदी आणि भिंत यांच्यापासून किमान तीन मीटर अंतर हवे, शिवाय खांबाला पत्र्याचा शंकू हवा. टेप घेऊन ही सगळी अंतरे अंगणात आखल्यावर जी एकमेव जागा उरली, ती आजोबांच्या खुर्चीखाली होती. त्यांनी उठण्यास नम्रपणे नकार दिला.

शेवटी खिडकीलगतची जागा मुक्रर झाली. पक्ष्यांना नवा फीडर ओळखीचा व्हायला कित्येक दिवस, कधी काही आठवडेही लागतात. खारीला त्याची गरज भासत नाही. ती शंकूच्या वाटेला न जाता खिडकीच्या चौकटीवरून आली, छपरावर बसली आणि सूर्यफुलाच्या बिया एकेक उचलून, सोलून, टरफले खाली टाकत राहिली. सांडलेले दाणे टिपायला होले आणि चिमण्या आल्या, त्याही फीडरकडे ढुंकून न पाहता थेट जमिनीवर. "मी म्हटलंच होतं, नुसती ताटली ठेवली असती तरी चाललं असतं," आजोबा म्हणाले. त्यांनी असे काहीही म्हटले नव्हते.

आता उरली निगा. एकाच ठिकाणी अनेक पक्षी जेवू लागले की साल्मोनेलासारख्या जिवाणूंचे रोग पसरतात, म्हणून दर पंधरवड्याला फीडर उतरवून घासावा, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून त्यात दहा मिनिटे बुडवावा, स्वच्छ धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच त्यात पुन्हा दाणे भरावेत. आमच्या घरी माणसांची भांडीही मी कधी इतक्या निष्ठेने घासलेली नाहीत, त्यामुळे हे काम स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोणाला दिसू नये अशी माझी इच्छा होती. परंतु मीटरभराच्या नियमानुसार फीडर लावलेला आहे तो नेमका त्याच खिडकीबाहेर.