किडा दिसला की मारा? त्या संदेशातल्या सहा दाव्यांना उत्तर

“घरात दिसणारा प्रत्येक किडा रोग घेऊन येतो, दिसताक्षणी मारा” असं बजावणारा एक लांबलचक संदेश गेले काही दिवस मला निरनिराळ्या लोकांकडून येतो आहे. त्यात सहा मुद्दे आहेत आणि शेवटी तो सगळ्या घरांपर्यंत पोचवायची विनंती आहे. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच “हे चूक आहे” एवढं म्हणून सोडून देणं मला बरं वाटत नाही. संदेशातला काही भाग साफ खोटा आहे. जो खरा आहे तो भलत्याच किड्याला चिकटवलेला आहे. परिणाम असा की कोळी दिसला की आपण चप्पल घेऊन धावतो आणि डास कानाशी गुणगुणला की कूस बदलून झोपतो.

“किळस ही निसर्गाने दिलेली धोक्याची घंटा आहे. जे पाहून अंगावर काटा येतो ते घातकच असतं.”

सगळ्यात जास्त लोकांना पटणारा मुद्दा हाच, त्यामुळे इथे जरा थांबते.

किळस अगदीच निराधार नाही. सडलेलं, कुजलेलं, विष्ठेने माखलेलं यांपासून माणूस लांब राहिला तो किळसेमुळेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा महिन्यांच्या बाळांना कोळ्यांची आणि सापांची चित्रं दाखवून पाहिली, तर फुलं आणि मासे पाहताना होतात त्यापेक्षा त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या जास्त मोठ्या झाल्या. म्हणजे काहीतरी उपजत आहे. पण बाहुली मोठी होणं म्हणजे लक्ष वेधलं जाणं, शरीर सावध होणं. तिथपासून खुर्चीवर चढून किंचाळण्यापर्यंतचा रस्ता बराच लांब आहे, आणि तो आपण शिकून चालतो.

शिवाय ही घंटा पुराव्याला दाद देत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी सहकाऱ्यांसोबत १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेलेलं झुरळ पूर्ण निर्जंतुक करून फळांच्या रसात बुडवायचं, लगेच काढून घ्यायचं आणि मग तो रस पुढे करायचा. झुरळावर एकही जंतू उरलेला नाही हे सांगूनही लोकांना तो रस नको होता. मलाही नको झाला असता. पण ज्या भावनेला “इथे धोका नाही” हे ऐकूच येत नाही, तिने “इथे धोका आहे” म्हटलं तर ते डोळे मिटून कसं मानायचं?

याची दुसरी बाजू मला जास्त काळजीची वाटते. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच ‘वाईट हवा’. दलदलीतून येणाऱ्या कुबट वासामुळे हा ताप येतो, असं लोक शतकानुशतकं मानत आले. त्यांची किळस दुर्गंधीकडे बोट दाखवत होती. खरा वाहक डास होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला, तेव्हा कुठे त्याच्याविरुद्ध पुरावा मिळाला. एवढं कळूनही २०२३ साली जगात सुमारे सहा लाख माणसं मलेरियाने गेली. डास पाहून कुणाच्या अंगावर काटा येतो का? फार तर कंटाळा येतो. उलट ढेकणाच्या नुसत्या नावाने अंग खाजायला लागतं. ढेकूण चावतो, झोप उडवतो, मन बेजार करतो, पण तो माणसांत रोग पसरवतो असं सिद्ध झालेलं नाही.

मग घरातले किडे आपल्याला एवढे का खुपतात? टोकियो विद्यापीठातले युया फुकानो आणि मासाशी सोगा यांनी २०२१ साली जपानमधल्या १३,००० लोकांच्या पाहणीतून याचं एक उत्तर मांडलं. तोच किडा घराच्या पार्श्वभूमीवर दाखवला की लोकांना बाहेरच्यापेक्षा जास्त किळस येते. आणि ज्यांना किड्यांमधला फरक ओळखता येत नाही, त्यांना अधिक प्रकारच्या किड्यांची किळस वाटते. मला हे फार पटतं. किडा तोच, अंगणात पानावर बसला तर आपण वाकून बघतो आणि उशीवर बसला तर ओरडतो. आणि नाव माहीत नसलं की सगळेच एका माळेचे मणी होतात. हा संदेश नेमकं तेच करतो: माशी, कोळी, गोम, दिव्यावर येणारं पाखरू, कसर, सगळ्यांना ‘किडा’ म्हणून एकाच पोत्यात भरतो.

“किडे फक्त अस्वच्छ घरांत येतात.”

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहराच्या परिसरात कीटकतज्ज्ञांनी ५० घरं खोलीनखोली तपासली. घरात सापडणाऱ्या कीटक-कोळ्यांची मोजदाद व्हावी एवढाच उद्देश होता. २०१६ साली निष्कर्ष आले: १०,०००पेक्षा जास्त नमुने आणि सरासरीने एका घरात सुमारे १०० जाती. ५५४ खोल्यांपैकी एकही किडा न सापडलेल्या खोल्या फक्त ५. यातले बहुतेक जीव उपद्रवी नव्हतेच. दारं-खिडक्यांतून चुकून आत आलेले आणि परत जायची वाट न सापडलेले. त्याच घरांच्या पुढच्या अभ्यासात घर किती टापटीप आहे याचा किड्यांच्या विविधतेशी फारसा संबंध आढळला नाही.

झुरळं, मुंग्या आणि माश्या यांच्या बाबतीत मात्र उघडं अन्न, साठलेला कचरा आणि गळणारं पाणी यांनी नक्की फरक पडतो. ते नाकारण्याचं कारण नाही. पण ‘किडे म्हणजे घाण’ हे समीकरण माणसांच्या मनात लाज पेरते, आणि लाजेने माणूस लपवतो. ढेकूण सामानातून, जुन्या फर्निचरमधून, प्रवासातून येतात. लखलखीत घरातही येतात. ते झाले हे शेजाऱ्याला सांगायची लाज वाटली की ते भिंतीपलीकडे जातात आणि दोन घरांचं काम चार घरांचं होतं. असं होताना मी पाहिलं आहे. ज्यांच्या घरी ढेकूण झाले होते त्या बाईंनी तीन महिने कुणाला घरी बोलावलं नव्हतं.

“माशी प्रत्येक वेळी बसली की ओकते, म्हणून तिने शिवलेलं अन्न फेकून द्या.”

माशीला चावता येत नाही. तिच्या सोंडेच्या टोकाला स्पंजासारखा भाग असतो आणि ती फक्त द्रव शोषते. बसल्यावर ती आधी पायांनीच चव घेते. पदार्थ पातळ असेल तर सरळ शोषून घेते. कोरडा किंवा घट्ट असेल तर लाळ आणि पोटातला द्रव त्यावर सोडून तो विरघळवते. म्हणजे ‘ओकते’ हे खरं, ‘प्रत्येक वेळी’ हे खोटं.

धोका किती, हे वेगळ्याच गोष्टींवर ठरतं. माशी आधी कुठे बसली होती? विष्ठेवर, कचऱ्यावर, की खिडकीच्या काचेवर? किती माश्या होत्या? आणि मुख्य म्हणजे त्यानंतर ते अन्न किती वेळ उबेत पडून राहिलं? पायांना चिकटून आलेले थोडे जंतू काही तासांत अन्नावर वाढून बेसुमार होऊ शकतात. धडधाकट माणसाच्या ताटावर एक माशी क्षणभर टेकली आणि त्याने लगेच जेवून घेतलं, तर घाबरण्यासारखं फारसं काही नाही. तान्ह्या बाळाचं, आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाचं अन्न उघडं राहून त्यावर माश्या घोंगावत राहिल्या असतील, तर ते टाकून द्यावं हेच बरोबर.

माश्यांना हलक्यात घ्या असं मी मुळीच म्हणत नाही. पाकिस्तानातल्या खेड्यांत झालेल्या आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या अभ्यासात, माश्या आटोक्यात आणल्यावर लहान मुलांमधले जुलाब २३ टक्क्यांनी कमी झाले. एवढा मोठा फरक पडतो तो माश्यांची संख्याच घटते तेव्हा, एकेक ताट फेकून नव्हे. घरमाशी एका खेपेला शंभरेक अंडी घालते, आणि उबदार हवेत अंड्यापासून उडणारी माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. कचरा, शेण, ओला केर त्याआधी हलला आणि डब्यावर घट्ट झाकण असलं, तर पुढची पिढी तयारच होत नाही. अन्न झाकून ठेवणं आणि केर वेळेवर काढणं, यात घाबरवण्यासारखं काही नाही. म्हणूनच बहुधा ते संदेशात नाही.

मारायचीच असेल तर एक उपयोगी गोष्ट. माशीचे डोळे सेकंदाला सुमारे २५० लुकलुकाट वेगवेगळे टिपतात, आपले जेमतेम ६०. तिला आपला हात सावकाश येताना दिसतो. ग्विनेथ कार्ड आणि मायकल डिकिन्सन या संशोधकांनी २००८ साली अतिवेगवान चित्रणातून दाखवलं की फळमाशी उडण्याआधीच पाय सरकवून धोक्याच्या उलट दिशेला झेप घ्यायची तयारी करते. त्यामुळे ती बसली आहे तिथे फटका मारू नका, ती उडी घेईल तिथे थोडा पुढे मारा. माश्या मारायच्या जाळीला भोकं असतात ती हवेचा झोत आधी पोचू नये म्हणून. हातात वर्तमानपत्राची गुंडाळी असली की माशी का निसटते, हे यावरून कळेल.

“आपण झोपेत वर्षाला आठ कोळी गिळतो.”

याला कुठलाही पुरावा नाही. झोपलेला माणूस श्वास घेतो, घोरतो, त्याचं हृदय धडधडतं. कोळ्याला जग कळतं ते मुख्यतः कंपनांतून. त्याच्या दृष्टीने उघडं तोंड म्हणजे थरथरणारी, उष्ण वाफ सोडणारी गुहा. तिथे तो कशाला जाईल? घरातले बहुतेक कोळी माणसाला इजा करू शकत नाहीत आणि माश्या, चिलटं, डास खातात. काही प्रदेशांत विषारी जाती आहेत. तिथल्या माणसाने त्या दोन-तीन ओळखायला शिकावं. बाकीच्यांना मारून आपण फुकटची मदत घालवतो.

“फवारा मारा, धुराचा डबा फोडा, निळा दिवा लावा, आवाजाचं यंत्र बसवा.”

इथे पैसा तर जातोच, पण तब्येतही पणाला लागते.

खोलीभर औषधाचा धूर सोडणारे डबे झुरळांवर किती चालतात, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घराघरांत तपासलं गेलं. झुरळं कमी झाली नाहीत. कीटकनाशक मात्र जमिनीवर आणि ओट्यावर साचलं, म्हणजे जिथे मूल रांगतं आणि पोळी लाटली जाते तिथे. झुरळं राहतात फटींत आणि धूर तिथे पोचत नाही. हे डबे ज्वालाग्राही असतात, पेटत्या ज्योतीजवळ त्यांचे स्फोट झालेले आहेत. फटीच्या तोंडाशी लावलेलं जेलचं आमिष याहून कितीतरी परिणामकारक ठरतं. झुरळांबद्दल काळजी करायचं खरं कारणही आहे: त्यांच्या विष्ठेतून आणि अंगाच्या कणांतून मुलांचा दमा बळावतो. पण दमेकरी मुलाच्या खोलीत फवारा मारून त्याचा श्वास कोंडवणं हा त्यावरचा इलाज होऊ शकत नाही.

निळ्या दिव्याचं सापळायंत्र डासांना नीट ओढतच नाही. डास आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांचा माग काढत येतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये घरांबाहेर लावलेल्या अशा दिव्यांखाली मेलेले १३,७८९ कीटक मोजले. त्यांत चावणारे फक्त ३१ निघाले. बाकीचे निरुपद्रवी किंवा उपयोगी जीव. आवाजाच्या यंत्रांबद्दल थोडक्यात: २००७ साली उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला आणि डास चावणं कमी झाल्याचं कुठेच दिसलं नाही. मच्छरदाणी, खिडकीची जाळी आणि आठवड्यातून एकदा साठलेलं पाणी ओतून टाकणं, यांची कुणी जाहिरात करत नाही.

“मुलांना लहानपणापासूनच किड्यांची भीती घाला.”

हे वाचून मला सर्वांत वाईट वाटलं.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५ ते २० महिन्यांच्या मुलांना रबराचा कोळी आणि साप दाखवले. दाखवताना आईने कधी हसरा, कधी घाबरलेला चेहरा केला. नंतर आईचा चेहरा साधा असतानाही, घाबरलेला चेहरा पाहिलेली मुलं त्या खेळण्यापासून लांब राहिली. एवढ्याशा वयात, एका चेहऱ्यावरून. माझी मुलगी पाखरू दिसलं की कान झाकायची. पाखरू काही सहसा कानात जात नाही. ती माझी नक्कल करत होती.

ज्यांची भीती आधीच घट्ट बसली आहे, त्यांना हसू नका आणि हातात किडा तर अजिबात देऊ नका. काही जणांना कोळी दिसलेल्या खोलीत पुन्हा पाऊल टाकवत नाही. तो त्रास खरा आहे आणि त्यावर उपचार आहेत. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्त यांनी १९८९ साली एकाच बैठकीचा उपचार मांडला. जास्तीत जास्त तीन तास, रुग्णाच्या संमतीने, पायरीपायरीने भीतीच्या वस्तूच्या जवळ जायचं. प्रत्येक पायरीवर थांबायचा हक्क रुग्णाचा.

बाकीच्यांसाठी काचेचा पेला आणि जाड कागद पुरतो. कोळ्यावर पेला सावकाश पालथा घाला, त्याचे पाय काठाखाली येऊ देऊ नका. कागद भिंतीला चिकटवत खालून सरकवा. मग दोन्ही एकत्र उचलून बाहेर न्या आणि पेला जमिनीजवळ आडवा करा. गांधीलमाशीसाठी एवढंही नको: दिवा बंद करा, खिडकी उघडी ठेवा, मुलाला घेऊन खोलीबाहेर या आणि दार लावून घ्या.