बिलावरचा कर आणि प्रत्यक्षातला भार

आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. विक्रीकराचा काही वाटा विक्रेत्यालाही सोसावा लागतो, हे माझे विधान आपल्याला पुस्तकी वाटते. दुकानदार कर केवळ गोळा करतो आणि बिलावर वेगळी छापलेली ती रक्कम शेवटी ग्राहकच देतो, असे आपले म्हणणे आहे. पैसे कोणाच्या खिशातून निघतात, एवढ्यापुरते ते बरोबर आहे. परंतु कर नसता तर त्या वस्तूची किंमत किती असती, हे बिल सांगत नाही, आणि भाराची वाटणी तिथेच ठरते. समजा, १०० रुपयांच्या वस्तूवर १० टक्के कर लागला आणि गिऱ्हाईक तुटू नये म्हणून विक्रेत्याने मूळ किंमत ९५ रुपयांवर आणली. बिल १०४ रुपये ५० पैशांचे होईल. त्यावर कर साडेनऊ रुपये दिसेल, पण ग्राहकाला त्यातले साडेचारच जादा पडले. पाच रुपये विक्रेत्याने सोडले.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने महागड्या नौकांच्या एक लाख डॉलरपुढील किमतीवर १० टक्के कर बसवला. तो श्रीमंत खरेदीदारांनी भरावा, हा उघड हेतू होता. मात्र खरेदीदाराला नवी नौका घेण्याची निकड नव्हती. तो जुनी घेऊ शकत होता किंवा थांबू शकत होता. नौका बांधणाऱ्या कारखान्यांना आणि त्यांतील कामगारांना असा पर्याय नव्हता. त्या काळातल्या मंदीचाही या व्यवसायाला फटका बसला, हे मान्य करूनच बोलायला हवे. तरीही या कराने रोजगार गेल्याची ओरड इतकी वाढली की १९९३ मध्ये तो रद्द झाला.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ मध्ये वातानुकूलित उपाहारगृहांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा आपल्या तर्कानुसार ११८ रुपयांचे बिल सरळ १०५ रुपयांवर यायला हवे होते. पण त्याच वेळी उपाहारगृहांना आपल्या खरेदीवर आधी भरलेल्या कराची मिळणारी वजावट बंद झाली, म्हणजे त्यांचा खर्च वाढला, आणि अनेक ठिकाणी मेन्यूकार्डावरचे दरच वाढले.

इन्सुलिनसारख्या, ज्यावाचून ग्राहकाचे चालतच नाही अशा वस्तूंच्या बाबतीत मात्र आपले म्हणणे बहुतांशी खरे ठरते. मूळ लेखात ते स्पष्टपणे यायला हवे होते. ती भर मी घालत आहे.