मानेतला ‘गॅप’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या काही आठवड्यांपासून अमळनेर, पारोळा, शिरपूर या भागांतल्या व्हॉट्सॲप गटांवर मानदुखीविषयीचा एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: मान दुखते ती मणक्यात गॅप पडल्यामुळे, आणि तो एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतो, जाणकाराकडून मान मोडून घेतली की गॅप बसतो, त्यानंतर पट्टा रात्रंदिवस लावावा आणि उशी कायमची सोडावी, मोबाइल पाहताना मानेवर २७ किलो वजन पडते, म्हणून हा आजार घरोघरी पोचला, चक्कर येते तीही गॅपमुळेच, आणि दवाखान्यात गेले तर ऑपरेशनच सांगतील, म्हणून तिकडे फिरकू नये. मी जळगावात फिजिओथेरपीचा व्यवसाय करतो आणि हा संदेश वाचून आलेली माणसे आता मला नेमाने भेटतात. त्यामुळे त्यातला एकेक दावा तपासून पाहणे मला भाग आहे.

सुरुवात गॅपपासूनच करू, कारण बाकीची सगळी इमारत त्या एका शब्दावर उभी आहे. पारोळ्याकडचे एक शेतकरी मध्यंतरी एक्स-रे घेऊन आले आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, “मनी मानमा गॅप शे.” (माझ्या मानेत गॅप आहे.) फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, तर पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली जागा कमी झालेली होती. गॅप म्हणजे फट. चित्रात होते ते नेमके त्याच्या उलट. दोन मणक्यांमधल्या गादीतले, म्हणजे डिस्कमधले, पाणी वयाबरोबर कमी होते, तिची उंची घटते, मणक्यांच्या कडांवर थोडे हाड वाढते आणि रिपोर्टमध्ये ‘स्पॉन्डिलोसिस’ असे लिहिले जाते. हे बदल खरे असतात, परंतु ते दुखण्याचे कारण आहेत असे त्यावरून ठरत नाही. मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय जपानमध्ये काढण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत डिस्क थोडीफार फुगलेली आढळली आणि विशीतल्या तरुणांमध्येही असे लोक बहुसंख्य होते. ज्यांची मान कधी दुखली नाही त्यांच्याही चित्रात हेच दिसत असेल, तर दुखणाऱ्या माणसाला तेच चित्र दाखवून ‘हे बघा कारण’ असे म्हणणे घाईचे ठरते.

मग त्या शेतकऱ्याची मान का दुखत होती? विचारल्यावर कळले की त्यांनी सलग पाच दिवस कपाशीवर फवारणी केली होती. सोळा लिटरचा पंप पाठीवर, पट्टे खांद्यांत रुतलेले, एक हात दांड्यावर आणि मान पुढे काढलेली. बहुतेक मानदुखीची कुळकथा अशीच असते. सवय नसलेले काम एकाएकी अंगावर पडते, किंवा सवयीचे काम तासन्‌तास एकाच ढबीत चालते. सराफ बाजारातला कारागीर, शिलाई मशिनवरची बाई, संगणकावर नोंदी करणारा मुलगा आणि रावेरकडे केळीचे घड खांद्यावरून ट्रकपर्यंत नेणारा मजूर यांची कामे वेगळी असली, तरी मानेच्या आणि खांद्याच्या त्याच स्नायूंवर आणि मणक्यांच्या त्याच लहान सांध्यांवर ताण येतो. त्यात अपुरी झोप आणि मनावरचे ओझे यांची भर पडली की दुखणे लांबते. नेमकी कोणती रचना दुखते हे बहुतेकांच्या बाबतीत बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि उपचार सुरू करण्यासाठी ते दाखवण्याची गरजही पडत नाही.

मान मोडून घेण्याचा सल्ला या संदेशातला सर्वांत धोकादायक भाग आहे. ‘कट्’ असा आवाज आला की काहीतरी जागेवर बसले, असे वाटते. प्रत्यक्षात सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी त्या आवाजाचा संबंध असतो, आणि बोटे मोडताना येतो तो आवाजही त्याच जातीचा. मुळात फटच नसेल तर बसणार काय? मान मोडल्यावर काही काळ मोकळे वाटते, हे मी नाकारत नाही. तथापि अमेरिकेत २७२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रशिक्षित हातांनी केलेले मानेचे उपचार आणि घरी करायचे साधे व्यायाम यांचा बारा आठवड्यांनंतरचा परिणाम जवळपास सारखाच निघाला, आणि सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा नुसत्या औषधांपेक्षा हे दोन्ही मार्ग सरस ठरले. जे घरी विनाधोका मिळते त्यासाठी सलूनच्या खुर्चीत मान कोणाच्या हाती का द्यावी?

धोका कोणता, तेही नीट समजून घ्यावे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या सहाव्या मणक्यापासून पहिल्यापर्यंत हाडांतल्या छिद्रांमधून वर जातात. मानेला अचानक झटका देऊन पीळ दिला, तर क्वचित त्यांचे आतले अस्तर फाटते, तेथे गुठळी होते आणि पक्षाघाताचा झटका येतो. असे विरळा घडते. पण घडते तेव्हा ते तरण्याताठ्या माणसालाही सोडत नाही. दाढीनंतर फुकट मिळणारी ही सेवा नम्रपणे नाकारलेली बरी.

पट्ट्याबद्दल संदेश अर्धसत्य सांगतो. अपघातानंतर हाड मोडल्याची शंका असेल तेव्हा मान स्थिर ठेवावीच लागते. शिवाय नस दाबून दंडातून हातात नव्यानेच कळ उतरू लागली असेल, तर काही आठवडे पट्टा वापरल्याने फायदा होतो, असे नेदरलँड्समधल्या २०५ रुग्णांच्या चाचणीत २००९ साली दिसून आले. मात्र त्याच चाचणीत फिजिओथेरपीचाही तितकाच उपयोग झाला होता. साध्या मानदुखीत रात्रंदिवस पट्टा लावल्याने स्नायू दुबळे होतात आणि मान हलवण्याची भीती तेवढी पक्की होते. भुसावळच्या मे महिन्यात पट्ट्याखाली घामोळे उठते ते निराळेच. उशी सोडण्याची तर काहीच गरज नाही. कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याची उंची भरून निघेल आणि मान सरळ राहील एवढी उशी हवी.

२७ किलोचा आकडा खरोखर एका लेखात आहे. अमेरिकेतल्या एका मणक्याच्या शल्यविशारदाने २०१४ साली गणिती प्रारूपावरून तो काढला. साडेचार ते साडेपाच किलोचे डोके साठ अंश पुढे झुकवले तर मणक्यावर किती बल येईल, याचा तो हिशेब आहे. कोणाच्या मानेवर काटा लावून केलेले ते मोजमाप नव्हे. मानेचे स्नायू आणि सांधे असे बल पेलण्यासाठीच घडलेले असतात, नाहीतर डोक्यावर दोन हंडे घेऊन चालणारी बाई पहिल्याच फेरीत कोसळली असती. मोबाइल निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पण दोष मान झुकवण्यात कमी आणि ती दोन-दोन तास तशीच ठेवण्यात अधिक आहे.

चक्कर येण्याचे खापर मानेवर फोडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. बिछान्यात कूस बदलताना किंवा माळ्यावरचा डबा काढण्यासाठी वर पाहताना घर गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते, तेव्हा दोष बहुधा कानाचा असतो. आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलेले असतात. डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते कण परत जागी नेता येतात आणि पुष्कळदा एक-दोन बैठकांत काम होते. अशी माणसे मानेला पट्टा लावून महिनोन्‌महिने हिंडतात, हे पाहून वाईट वाटते.

उपाय काय, याबाबत संदेश मान मोडणे, पट्टा आणि उशी यांपलीकडे जात नाही. नव्याने आखडलेली मान बहुधा काही आठवड्यांत सुटते. तोवर शेक घ्यावा, जमेल तेवढी मान सगळ्या दिशांना फिरवावी आणि रोजची कामे चालू ठेवावीत. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून थोडेच दिवस घ्यावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात शरीरातले पाणी घटलेले असताना ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला महागात पडू शकतात. दुखणे वारंवार परतत असेल, तर स्नायू बळकट करण्याला पर्याय नाही, आणि त्याला वेळही फार लागत नाही. डेन्मार्कमध्ये कार्यालयात काम करणाऱ्या १९८ जणांच्या २०११ सालच्या चाचणीत एका गटाने रबरी नळी ताणत दोन्ही हात बाजूंनी वर उचलण्याचा व्यायाम दिवसाला फक्त दोन मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस केला. दहा आठवड्यांत त्यांचे मान-खांद्याचे दुखणे लक्षणीय घटले. पारोळ्याच्या त्या शेतकऱ्यांनाही मी हाच व्यायाम दिला, शिवाय पंप अर्धाच भरून दोन खेपा करायला सांगितले. दुसरी सूचना त्यांना अजिबात आवडली नाही.

राहिला शेवटचा दावा, की दवाखान्यात जाऊच नये. मानदुखीच्या बहुतेक रुग्णांना ऑपरेशन लागत नाही. हातात उतरणारी कळसुद्धा बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेविना शमते. परंतु हा संदेश वाचून जे घरी बसतील त्यांत थोडी माणसे अशी असतील, ज्यांना उशीर परवडणारा नाही. पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, तापाबरोबर ताठलेली मान, वजन घटत असताना रात्री जागवणारी कळ (आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही), आणि छातीत दडपण व घाम यांच्यासह मानेत, जबड्यात किंवा डाव्या हातात भरून येणारी वेदना यांना तातडीने डॉक्टर हवा. मज्जारज्जूवरच दाब येतो तेव्हा तर पुष्कळदा मान फारशी दुखतही नाही. सदऱ्याचे बटण लावताना बोटे अडखळतात, आयुष्यभर कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी थापलेल्या हातातून भाकरी निसटते, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, आणि पायातली चप्पल वाटेत कधी गळून पडली हे मागून येणारा सांगतो तेव्हा कळते.