कोश्चेय 'अमर' खरा, पण गोष्टीअखेर मरतोच

'रशियाचा कोश्चेय हा प्राचीन स्लाव लोकांचा मृत्युदेव. नावाचा अर्थ हाडांचा सापळा. त्याला कुणीच मारू शकत नाही. आणि त्याचा जीव अंड्यात असतो, ही कल्पना आपल्या पोपटाच्या गोष्टीवरून ढापलेली!' हा मजकूर गेल्या महिन्यात मला चार गटांतून आला. चौथ्यांदा आला तेव्हा उत्तर लिहायला बसलो.

देवाचं आधी उरकतो. कीवचा राजा व्लादिमिर याने ९८० साली टेकडीवर मूर्ती उभारल्या, त्यांची यादी जुन्या बखरीत आहे: पेरून, खोर्स, दाझबोग, स्त्रिबोग, सिमार्गल, मोकोश. कोश्चेय त्यात नाही. तो गोष्टीतला खलनायक, देव्हाऱ्यातला नव्हे.

नावाची गंमत जास्त आहे. रशियन भाषेत हाडाला 'कोस्त' म्हणतात, म्हणून सापळ्याची कल्पना सुचते. आज चित्रांतही तो तसाच हाडकुळा दिसतो. पण ११८५ च्या मोहिमेवर रचलेल्या, राजा ईगोरच्या जुन्या पोवाड्यात 'कोश्चेय' म्हणजे चक्क गुलाम, युद्धकैदी. हरलेला ईगोर सोन्याच्या खोगिरावरून 'कोश्चेयच्या खोगिरावर' येतो. आणि अमुक राजा इथे असता तर दासी एका नोगातेला आणि कोश्चेय एका रेझानाला मिळाला असता, असंही कवी म्हणतो. रेझाना म्हणजे नोगातेहून हलकं नाणं. मृत्युदेवाचा असा बाजारभाव कुणी काढेल का? हा शब्द तुर्की भाषांतून आला, असं बरेच अभ्यासक मानतात. आणि मार्या मोरेव्नाच्या गोष्टीत तो पहिल्यांदा दिसतो तोही कैदी म्हणूनच: बंद खोलीत, बारा साखळ्यांनी जखडलेला, पाणी मागणारा. भोळा इवान तीन बादल्या पाणी पाजतो, साखळ्या तटातट तुटतात आणि हा इवानच्याच बायकोला, म्हणजे मार्याला, पळवतो.

'कुणीच मारू शकत नाही' म्हणणाऱ्याने एकही गोष्ट शेवटपर्यंत वाचलेली नाही. त्याचं रशियन बिरुद 'बेस्स्मेर्त्नी' म्हणजे मरण नसलेला, आणि ते त्याच्याजवळ खरंच नसतं, दुसरीकडे ठेवलेलं असतं. समुद्रातल्या बेटावर ओकाचं झाड, त्याखाली पेटी, पेटीत ससा, सशात बदक, बदकात अंडं. काही गोष्टींत अंड्यात सुई असते, काहींत नुसतं अंडंच. पळवून आणलेल्या बायकांना तो आधी थापा मारतो: माझं मरण उंबऱ्याखालच्या झाडूत आहे. एका गोष्टीत ती बाई त्या झाडूला सोन्याचा मुलामा देऊन टेबलावर मांडते, तेव्हा हा खूश होऊन खरं ओकतो. पुढे राजपुत्र अंडं या हातातून त्या हातात टाकतो आणि कोश्चेय खोलीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आपटतो. मार्या मोरेव्नाच्या गोष्टीत तर अंडंही नाही. घोडा लाथेने डोकं फोडतो, इवान सोट्याने उरलंसुरलं काम करतो, प्रेत जाळतो आणि राख वाऱ्यावर सोडतो.

आता पोपट. राक्षसाचा जीव पोपटात, हे आपण आजीकडून ऐकलेलं, त्यामुळे 'आपलं ढापलं' म्हणायला जीभ वळवळते. आपली अशी एक गोष्ट १८६८ मध्ये इंग्रजीत छापली गेली: पंचकिन जादूगाराचा जीव पाण्याच्या सहा घागरींखालच्या पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात. पोपटाचा पंख उपटला की जादूगाराचा हात गळून पडतो. अंड्याच्या हिसक्यासारखाच हिशेब. पण अफानास्येवचा रशियन लोककथांचा संग्रह १८५५ ते १८६३ मधला, म्हणजे आपल्या त्या पुस्तकाच्या आधीचा. छापील तारखेवरून मूळ ठरत नाहीच, त्यांचंही नाही, आपलंही नाही. नॉर्वेच्या राक्षसाचं काळीजही बदकातल्या अंड्यातच सापडतं. आणि इ.स.पू. १२०० च्या आसपासच्या इजिप्तच्या पपायरसात बाता नावाचा भाऊ आपलं काळीज झाडाच्या फुलावर ठेवतो. त्यालाही पोपटचोर म्हणायचं का?

शिवाय ती पंचकिनची गोष्ट सांगणारी बाई होती आना लिबेराता डिसूझा, मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रीअर हिची आया. आनाच्या आजोबांचं कुटुंब कालिकतहून गोव्याजवळ येऊन राहिलेलं. पोपट आपला म्हणून मिरवायचाच असेल तर पुढच्या वेळी निदान तिचं नाव तरी घाला.