स्कूबी-डूचा आवाज कोणाचा? एक खुलासा

स्कूबी-डू या कार्टूनमधल्या कुत्र्याबद्दल ‘स्कूबी-डूचा मूळ आवाज ब्राझीलच्या ओर्लांदो द्रुमोंद यांचा’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. १९६९ साली अमेरिकेत त्याची मालिका सुरू झाली, तेव्हा शब्दाआधी ‘र’ लावून गुरगुरत बोलणाऱ्या त्या कुत्र्याला आवाज दिला डॉन मेसिक यांनी. द्रुमोंद यांनी त्याला पोर्तुगीजमध्ये बोलतं केलं, तेही ३५ वर्षं. गिनीज बुकात तशी नोंद आहे. हे काम कमी प्रतीचं मुळीच नाही. पडद्यावरचं तोंड मिटायच्या आत वाक्य संपवायचं, गुरगुर सांभाळायची आणि शब्दही कळले पाहिजेत! पोपाय, आल्फ आणि गार्गामेल या पात्रांचे ब्राझीलमधले आवाजसुद्धा त्यांचेच. २०२१ मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी, रिओत त्यांचं निधन झालं.