स्वस्तात शिकवून नाव घालवू नका

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले आणि उरलेल्या पावशेराला फ्रिजचा वास यायला लागला, की समजावं, आता खरी परीक्षा सुरू झाली. मुलाची नव्हे, तुमची. एव्हाना कॉलनीतल्या पाच जणांनी "मग, पुढे काय?" असं विचारलेलं असतं आणि मान ताठ ठेवून एका दमात देता येईल असं उत्तर तुम्हाला तयार करायचं असतं. मुलाचं पुढे जे व्हायचं ते होतंच. उत्तर चोख पाहिजे.

चिरंजीवांना 84 टक्के असतील तर ते आधी दोनदा वाचा. 2025 च्या दहावीला राज्यात 211 मुलांना शंभर टक्के मिळाले. त्या हिशोबाने 84 म्हणजे आजच्या भावात काठावर पास. ही नामुष्की धुऊन काढायची तर खर्च दणदणीत हवा.

त्यासाठी पहिली खबरदारी म्हणजे घरात कोणाला बेरीज करू देऊ नका. दहावीनंतर डिप्लोमा तीन वर्षांचा. तिथून इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, म्हणजे आणखी तीन. झाली सहा. अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनिअरिंगची चार, हीपण सहाच. दोन्ही वाटा एकाच पदवीला जाऊन मिळतात, आणि पहिल्या वाटेवर मध्येच थांबावं लागलं तरी मुलाच्या हातात पदविका असते. दुसऱ्या वाटेवर थांबलात तर हातात बारावी. हे गणित पाचवीतलं पोरही सोडवेल, म्हणून तर ते पोरांसमोर काढायचं नाही. मेहुणा म्हणालाच, "दाजी, सरकारी पॉलिटेक्निकला टाका की, वर्षाची फी दहा हजारांच्या आत आहे," तर चहा झाला का बघायला स्वयंपाकघरात जा. लग्नाच्या पंगतीत "दहा हजारांत शिकतोय" असं सांगितलंत, तर पुढचा जिलेबीचा आग्रह शेजारच्या पानाला होतो.

आता जेईईचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास. तो शोधायला जावं लागत नाही. तुमचा नंबर त्यांच्याकडे कसा गेला कोण जाणे, पण फोन निकालाच्याही आधी येतो. एक 'स्कॉलरशिप टेस्ट' असते. आमच्या चिरंजीवांना तीत 40 टक्के सवलत मिळाली. त्याचा जो मित्र अर्धा पेपर झोपला होता, त्यालाही 40 टक्केच मिळाली. गुणवत्तेची अशी समान वाटणी समाजवादालाही जमली नाही.

मग काचेची केबिन. एसी इतका की जूनमध्ये दात वाजावेत. टेबलावर पाण्याची छोटी बाटली, जिचं बूच तुम्ही पिरगळलंत की त्यांचं निम्मं काम झालं. समोरची पंचविशीतली मुलगी तुमच्या बायकोला 'मॅम' म्हणते आणि मुलाला 'चॅम्प'. ती छापील कागदावर पेनाने 2,50,000 लिहिते, त्यावर फुली मारते, खाली 1,50,000 लिहून त्याभोवती दोनदा गोल काढते. "ही ऑफर आज सातपर्यंतच आहे, सर." भिंतीवरच्या घड्याळात पावणेसात. अशा वेळी घरी जाऊन विचार करतो म्हणणारा बाप मुलाचा शत्रू असतो, हे तिला बोलून दाखवावं लागत नाही. मी सही केली. त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 27 हजार आले, एकूण 1,77,000. कॉलेजच्या फीवर हा कर नाही, क्लासच्या फीवर आहे, म्हणजे नेमकी प्रतिष्ठेची वस्तू कोणती ते सरकारनेच ठरवून दिलंय. त्या नुसत्या 27 हजारांत सरकारी पॉलिटेक्निकची तीन वर्षांची फी जवळपास भागली असती. पण बेरजेबद्दल आपलं ठरलंय.

मुलाला विचारायचं की नाही? अवश्य विचारा. आपण काही जुन्या काळातले बाप नाही. फक्त चेक दिल्यानंतर विचारा.

क्लास 'इंटिग्रेटेड' असेल तर सोन्याहून पिवळं. नाव एका कॉलेजात, मुलगा क्लासात. प्रॅक्टिकलला गुण मिळतात, ब्युरेट कशाशी खातात ते कळत नाही. चौकातल्या होर्डिंगवर हसऱ्या मुलांचे फोटो असतात, ते रोज बघा. जेईई मेनला अलीकडे दरवर्षी दहा लाखांहून अधिक मुलं बसतात आणि देशातल्या सगळ्या आयआयटींच्या मिळून जागा 18 हजारांच्या आसपास, हा मजकूर होर्डिंगवर मावत नाही. कापड महाग असतं.

आयटीआयच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नका. मी एकदा ही चूक केली. चुलतभावाचा मुलगा सरकारी आयटीआयला फिटर ट्रेडच्या पहिल्या वर्षाला होता, त्याचा डबा द्यायला गेलो आणि चिरंजीवांना सोबत नेलं. शेडमध्ये ओळीने व्हाइस लावलेले, प्रत्येकात लोखंडाचा एकेक चौकोनी तुकडा, आणि पोरं कानशीने तो घासतायत. घासायचा, काटकोन तपासायचा गुण्या लावायचा, खिडकीकडे धरायचा. गुण्या आणि लोखंडाच्या मधून उजेडाची रेघ दिसली की परत घासायचा. सर काही बोलत नव्हते. तुकडा घ्यायचे, उजेडाकडे धरायचे, परत द्यायचे. पुतण्याने हातावरचे फोड असे दाखवले, जणू पदकं. आमचा चिरंजीव तिथे चाळीस मिनिटं उभा. फोन खिशात. शेवटी म्हणाला, "दादा, मी जरा घासून बघू?" मी त्याला गाडीवर बसवलं. डेमो लेक्चरला उशीर होत होता.

त्या मुलांचं पुढे काय होतं हेही समजून घेऊ नका. दोन वर्षांचा ट्रेड पास झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट उघडते. 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, त्याखाली कारखान्यात शिकता शिकता विद्यावेतन मिळतं. माझगाव डॉक तर आठवी आणि दहावी झालेल्या मुलांनाही परीक्षा घेऊन शिकाऊ म्हणून घेतं. शिकण्याचे पैसे आपल्यालाच मिळणार? वाण्याने साखर देऊन वर सुट्टे हातात ठेवण्यातला प्रकार. काहीतरी काळंबेरं असणार.

मुलगी असेल तर जास्त जपा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने घोटाळा करून ठेवलाय. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. यावर उपाय सोपा आहे: मॅनेजमेंट कोटा घ्या. तिथे ही सवलत लागू नाही, त्यामुळे अब्रू शाबूत राहते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहणं, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर फॉर्म भरणं, ही कामं गरिबांची. आपण गरीब नाही, आपल्यावर फक्त कर्ज आहे.

आमच्या साताऱ्यात कर्मवीरअण्णांनी बोर्डिंग काढलं, तेव्हा परक्या पोरांच्या पोटात दोन घास जावेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. 'स्वावलंबी शिक्षण' हे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीद तिथलं. ही परंपरा आपणही चालवतोच की. पाटल्या आमच्याही घरातून गेल्या, फक्त गोल्ड लोनच्या काउंटरवर.

आता निकाल सांगतो, म्हणजे सल्ल्यावर तुमचा विश्वास बसेल. जेईईच्या पर्सेंटाइलबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत. सीईटीने जी कॉलेजं दाखवली, त्यांची फी ऐकून मीच केबिनमधल्यासारखा गारठलो. सायन्सने बारावी झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात घेतात, हे अखेर मेहुण्यानेच शोधून काढलं. चिरंजीव तिथे आता खूश आहे. दहावीला त्याच्या शेजारी बसणारा मुलगा सरळ वाटेने आला, तो तिसऱ्या वर्षाला. आमचा त्याच्याकडून जुनी जर्नलं आणतो आणि त्याला सिनिअर म्हणतो.

क्लासची मोड्यूलं, म्हणजे त्यांची छापील पुस्तकं, परवा माळ्यावरून काढली. बरीचशी कोरी. रद्दीवाल्याने काट्यावर टाकली, चौतीस किलो भरली. म्हटलं, "भाव नीट लाव, कागद बघ किती भारी आहे."

"तोच तर लोचा आहे, साहेब. गुळगुळीत कागदाला पेपरच्या रद्दीचा भाव मिळत नाही. दहाने घेतो."

तीनशे चाळीस रुपये त्याने मोजून दिले. दोरी आवळताना त्याची नजर दारातल्या फाउंडेशन कोर्सच्या पत्रकावर गेली. सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासने घेऊ नये, असं केंद्राने जानेवारी 2024 मध्ये कळवलेलं आहे. हे पत्रक त्यानंतर छापलेलं.

"धाकटी कितवीला, साहेब?"

"आठवीला."

"मग नंबर घेऊन ठेवा माझा."